लंडनच्या ‘द शार्ड’ या उंच इमारतीवर आई-बाबांना न्यायचंय: नुसतं वर जाऊन यावं, चहा घ्यावा की एक रात्र राहावं?

अनघा_रीडिंग

नमस्कार मंडळी. आई-बाबा दौंडहून पहिल्यांदाच इकडे इंग्लंडला, आमच्या रीडिंगच्या घरी येताहेत. आईचे नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात, त्यामुळे घट उठल्याशिवाय निघायचं नाही असं तिनं आधीच बजावलंय. म्हणजे दसऱ्यानंतरचा आठवडा, ऑक्टोबरची सुरुवात.

बाबा मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. बोलणं कमी, पण खिडकीपाशी बसवलं की तासन् तास बसतील. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, जिने मात्र नकोत. शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. उंचीची थोडी भीती आहे, पण ती कबूल करणार नाही.

पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्यासाठी शार्डमधल्या हॉटेलात एक रात्र खोली घेऊ, पैसे मी देतो. माझा नवरा म्हणतो, तिकीट काढून वर जाऊन या, तेवढं पुरे. मला वाटतं वर कुठंतरी निवांत बसून चहा घ्यावा. घरात एकमत होईना म्हणून इथे विचारतेय. तिकीट कोणत्या वेळेचं काढावं, आईला खायला काय मिळेल, जिने किती, आणि खोलीचे पैसे खरंच वसूल होतात का? ज्यांनी स्वतः अनुभव घेतलाय त्यांनी सांगावं.

सरेतला_सातारकर

वरून लंडन बघण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. २२ बिशप्सगेटच्या ५८ व्या मजल्यावर ‘होरायझन २२’ आहे, २०२३ मध्ये सुरू झालं, प्रवेश फुकट. २० फेन्चर्च स्ट्रीटची ‘स्काय गार्डन’सुद्धा फुकट. दोन्हीकडे आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि ती पटकन संपते. आम्ही सासू-सासऱ्यांना होरायझनला नेलं होतं, ते खूश झाले. शार्डच्या तिकिटाला माणशी तीस पौंडांच्या आसपास जातात, दिवस आणि वेळ बघून कमी-जास्त. चौघांचे मिळून बघा.

लंडनब्रिजवाली

अनघा, मी गायज हॉस्पिटलमध्ये फार्मसीत आहे. शार्ड आमच्या दाराशी आहे, मध्ये फक्त सेंट थॉमस स्ट्रीट. मी इथे लागले तेव्हा त्या जागी साउथवर्क टॉवर्स नावाची २४ मजली ऑफिसची इमारत होती. ती उतरवली, मग मधला काँक्रीटचा गाभा चढत गेला, मग काच. २०१२ च्या जुलैत उद्घाटन झालं आणि २०१३ च्या फेब्रुवारीत वरची गॅलरी लोकांसाठी उघडली. तेव्हापासून घरी आलेला प्रत्येक पाहुणा मी तिथे नेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सातारकर म्हणतात ते खरं, होरायझन फुकट आहे आणि छानही आहे. पण तुमचे बाबा रेल्वेतले आहेत, तेव्हा माझं उत्तर शार्डच. शार्ड लंडन ब्रिज स्टेशनाला खेटून उभा आहे. हे स्टेशन १८३६ चं. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सतरा वर्षं आधीचं. वरच्या गॅलरीत पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या काचेपाशी उभं राहिलं की स्टेशनाचं सगळं छप्पर पायाखाली येतं, आणि केरसुणीचे हीर मुठीतून सुटावेत तसे रूळ आग्नेयेकडे सुटलेले दिसतात. गाड्या येतात, सिग्नलला थांबतात, एकमेकींना वाट देतात, आणि हे सतत चालू असतं. त्यातली ग्रिनिचकडे जाणारी लाइन विटांच्या कमानींवरून जाते. शेकडो कमानी आहेत, सलग, पावणेदोनशेहून जास्त वर्षांच्या, अजून वापरात. बाबांना एक गोष्ट विचारा, रुळांवर तारा का नाहीत? ते स्वतःच शोधून काढतील. इथे वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून घेतात, ओएचई (वरची वीजतार) नाही. माझे एक मामा रेल्वेत होते. त्यांना मी सेंट पॉलचं चर्च दाखवत होते आणि ते मान वळवून यार्डाकडे बघत होते. शेवटी मी नाद सोडला आणि त्यांना तिथेच उभं राहू दिलं.

आता वेळ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त साधारण साडेसहाला असतो. सव्वापाचची वेळ घ्या. आत गेल्यावर किती वेळ थांबायचं याला बंधन नाही. म्हणजे एका तिकिटात उजेड, सूर्यास्त आणि दिवे तिन्ही मिळतात. त्या दिवसांत सूर्य जवळपास वेस्टमिन्स्टरच्या (पार्लमेंटच्या) रेषेतच उतरतो. नदी तिथपर्यंत वळत गेलेली असते आणि शेवटची दहा मिनिटं पाण्याचा तेवढाच पट्टा उजळलेला राहतो. मावळतीच्या वेळा महाग असतात आणि आधी भरतात, त्यामुळे बुकिंग लांबवू नका. तिकिटाला हवामानाची हमी असते. ठरलेल्या पाच ठिकाणांपैकी तीन दिसली नाहीत, तर पुन्हा फुकट येता येतं. बुक करताना तिच्या अटी वाचून घ्या.

वर जायला दोन लिफ्ट आहेत, ३३ व्या मजल्यावर बदलायच्या. कानांना दडे बसतात, आईंना आवळासुपारी द्या. आधी विमानतळासारखी तपासणी होते. गॅलरी ६८ आणि ६९ व्या मजल्यावर बंदिस्त आहे, आणि ७२ व्या मजल्यावर वरून उघडी, जमिनीपासून २४४ मीटर. ६९ ते ७२ लोक जिन्याने जातात. गुडघ्याचं सांगितलं की लिफ्टची सोय होते, फक्त तिथल्या माणसाला पहिल्यांदाच सांगा, जिन्याच्या तोंडाशी पोचल्यावर नको. ७२ वर डोक्याच्या वरपर्यंत काच आहे, पण छत नाही, वारा थेट येतो. आईंना शाल नाही पुरणार, कानटोपी आणि कोट लागेल. उंचीची भीती असेल तर ६९ वरच बसवा. दृश्यात काही कमी होत नाही.

दिशा अशा आहेत. पूर्वेला टॉवर ब्रिज, त्याच्या डाव्या हाताला टॉवर ऑफ लंडन, लांबवर कॅनरी व्हार्फचे उंच ठोकळे. उत्तरेला सगळी सिटी, म्हणजे लंडनचा बँका-कचेऱ्यांचा भाग. वायव्येला सेंट पॉलचा घुमट. पश्चिमेला लंडन आय आणि पार्लमेंट. आणि एक जागा मी आपल्या माणसांना मुद्दाम दाखवते. वायव्येलाच बीटी टॉवर (दूरसंचाराचा उंच मनोरा) ओळखू येतो. त्याच्या थोडं उजवीकडे, पलीकडे, एक हिरवा उंचवटा दिसेल. तो प्रिमरोझ हिल. त्या टेकडीच्या मागच्या अंगाला १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. घर काही दिसत नाही, टेकडीच दिसते. पण जिथून ते रोज ग्रंथालयात जात होते ती बाजू आणि त्यांचं कॉलेज जिथे आहे ती ऑल्डविचची बाजू एका नजरेत येतात. हे अंतर डोळ्यांनी मोजल्यावर मला त्यांचा अभ्यास वेगळा कळला. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर आई-बाबांना त्या घरीही घेऊन जा.

खाण्याचं. रेस्टॉरंट ३१ ते ३५ या मजल्यांवर आहेत. ३१ ला अ‍ॅक्वा शार्ड, ३२ ला ओब्लिक्स, ३३ ला हुटाँग, ३५ ला हॉटेलचं टिंग. माझं स्पष्ट मत, रात्रीचं पूर्ण जेवण वर घेऊ नका. तुमच्या आईंना त्यातलं फार थोडं चालेल आणि बिल बघून त्यांचा जीव वर-खाली होईल. दुपारचा चहा मात्र जरूर घ्या. त्यात सँडविच, स्कोन (छोटे खुसखुशीत पाव), क्लॉटेड क्रीम (घट्ट साय), जॅम आणि छोटे केक येतात. शाकाहारी मिळतो, पण ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही, कारण इकडच्या शाकाहारात अंडं धरतात. सँडविचमध्ये अंड्याचं मेयोनीज असतं, केकमध्ये अंडं, आणि थलथलीत गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं) असू शकतं. बुक करतानाच ‘अंडं नाही, जिलेटिन नाही’ असं लिहून कळवा आणि दोन दिवस आधी फोन करून खात्री करा. स्कोनवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, तेही विचारा. बिलात सर्व्हिस चार्ज धरलेला असतो, वेगळी टीप लागत नाही.

३१ व्या मजल्यावरून दिसतं ते वरच्यासारखं नसतं, आणि मला व्यक्तिशः तेच जास्त आवडतं. ६९ वरून शहराचा नकाशा दिसतो. ३१ वरून टॉवर ब्रिजवरची लाल बस दिसते, ती पूल ओलांडून पलीकडे वळेपर्यंत तिच्यावर नजर ठेवता येते.

अनघा_रीडिंग

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार. तारांचा प्रश्न बाबांना विमानतळावरून येतानाच विचारते. स्कोनवरच्या अंड्याचं तर माझ्या ध्यानातही आलं नसतं.

खोलीबद्दल कुणी सांगेल का? भाऊ रोज विचारतोय. पाचशे पौंडांच्या घरात भाव दिसतोय, नदीकडची खोली त्याहून वर. आणि आईची भीती आहेच. वाऱ्यात इमारत हलते का, हे ती मला नक्की विचारणार.

स्ट्रक्चरवाला

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे (शार्डवर काम केलेलं नाही, पण आमच्या धंद्यात ही इमारत सगळे अभ्यासतात). आईंना निर्धास्त राहायला सांगा.

कुठलीही उंच इमारत वाऱ्यात किंचित हलते, हलायलाच हवी. शार्डमध्ये खालचे, साधारण चाळिसाव्या मजल्यापर्यंतचे मजले पोलादी सांगाड्याचे आहेत. त्याच्या वर काँक्रीट आहे, आणि सगळ्यात वरचा निमुळता भाग पुन्हा पोलादी. वरच्या काँक्रीटमुळे वजन वाढतं आणि डोलणं आवरलं जातं. शिवाय एका खोलीतला आवाज दुसरीत जात नाही, जे झोपायच्या मजल्यांवर लागतंच. हॉटेल ३४ ते ५२ या मजल्यांवर आहे. इमारत ३१० मीटर उंच, म्हणजे हॉटेलचा सगळा भाग मधल्या पट्ट्यात येतो. तिथे त्यांना काही जाणवणार नाही.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट. इथे तळघर आधी खणून मग वर चढले नाहीत. जमिनीखाली खोदकाम चालू असताना वरचा गाभा वीस-बावीस मजले उभा राहिला होता. पायाचं काँक्रीट एका दमात ओतलं, ५,५०० घनमीटर, ३६ तासांत, सुमारे ७०० ट्रक. हे सगळं भर शहरात, शेजारी चालू हॉस्पिटल आणि चालू स्टेशन असताना. एकही गाडी न अडवता रुळाशेजारी काम करणं काय असतं, ते स्टेशन मास्तरांना सांगायला नको.

आणि टोकाकडे बघायला सांगा. काचेचे आठ कलते पृष्ठभाग वर जातात, पण ते एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फटी ठेवल्या आहेत. इमारतीचे वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांनी २००० साली बर्लिनमध्ये जेवताना मेन्यूच्या पाठीवर याचं पहिलं चित्र काढलं. जुन्या चित्रांतल्या थेम्सवरच्या जहाजांच्या डोलकाठ्या आणि चर्चची टोकं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. फटीमुळे टोक आकाशात विरघळतं. खालून मान वर करून बघितलं तरच ते कळतं, म्हणून आत शिरायच्या आधी दोन मिनिटं रस्त्यावर थांबा.

लंडनब्रिजवाली

अनघा, खोलीबद्दल मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण माझं मत ऐकून तुमचा नवरा नाराज होईल.

खोली घ्या. पण कधी घ्यायची हे महत्त्वाचं आहे. ते आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्या, महिन्याअखेरीस नको.

कारण सांगते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्यात आणि भारतात साडेचार तासांचा फरक असतो. दौंडला सकाळी साडेआठ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे चार. तुमचे बाबा आयुष्यभर ड्युटीच्या वेळा पाळलेले. पहिले काही दिवस ते पहाटे चारला टक्क जागे असणार, काही केल्या झोप येणार नाही. घरी असले तर अंधारात पलंगावर बसून राहतील, कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवासुद्धा लावणार नाहीत. आपल्याकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांचं हेच होतं. तेच जागरण या खोलीत सोनं होतं. वरची गॅलरी सकाळी बऱ्याच उशिरा उघडते, पहाट तिथून कुणालाही बघायला मिळत नाही. ती फक्त हॉटेलच्या खोलीतून दिसते.

माझ्या रात्रपाळ्या असतात. आमच्या हॉस्पिटलचा टॉवरही ३४ मजली आहे, त्यामुळे वरच्या मजल्याच्या खिडकीतून ही पहाट मला चांगली माहीत आहे. चारला सगळं शहर दिव्यांचं असतं, पण हलत काही नाही. मग स्टेशनाकडे पहिली गाडी येते, रिकामी, आत दिवे लागलेले, एकेक डबा स्वच्छ दिसतो. हळूहळू एकामागून एक लाइन जागी होते. साडेसहानंतर पूर्वेला कॅनरी व्हार्फच्या मागे फटफटायला लागतं. नदीला ओहोटी असली तर काठचा चिखल आणि जुने लाकडी खांब उघडे पडलेले दिसतात. इथे भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो, हे बऱ्याच लोकांना वर गेल्यावरच कळतं. मग स्टेशनातून माणसं बाहेर पडून लंडन ब्रिजवरून सिटीकडे चालू लागतात, सगळी एकाच दिशेनं. दादरच्या पुलावरची गर्दी बघितलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

एक रात्र मी आणि माझे यजमान स्वतः तिथे राहिलो आहोत. खोलीत काच जमिनीपासून छतापर्यंत असते आणि आत झुकलेली असते, त्यामुळे आईंचा पलंग काचेपासून लांब ठेवलेली खोली मागा. पडदे बटणानं बंद होतात, ते त्यांना आधीच दाखवून ठेवा. ५२ व्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. आई पाण्यात नाही उतरल्या तरी चालेल, तिथे जाऊन बसावं.

आणि भावाचे पैसे वाचतील अशी एक गोष्ट. सगळे नदीकडची खोली मागतात, म्हणून ती महाग. बाबांना हवेत रूळ. पूर्वेची किंवा आग्नेयेची खोली मागा आणि बुकिंगच्या वेळी लिहा, ‘वडील निवृत्त रेल्वे स्टेशन मास्तर आहेत, स्टेशनाकडची बाजू मिळाली तर बरं’. हॉटेलवाले अशा विनंत्या मनापासून बघतात असा माझा अनुभव आहे. हमी नसते, पण लिहून बघा.

ज्यांचा खर्चावर आक्षेप आहे त्यांना एवढंच सांगा, की खोली घेतली तर गॅलरीचं तिकीट काढू नका. दोन्ही नको. चहा आणि खोली, किंवा चहा आणि गॅलरी.

आईंसाठी एक गोष्ट राहिली. २०११ मध्ये काम चालू असताना ७२ व्या मजल्यावर एक कोल्हा सापडला होता. मधल्या जिन्यानं चढून गेला आणि कामगारांच्या उष्ट्यावर राहिला. त्याचं नाव रोमिओ ठेवलं होतं. त्याला पकडलं, डॉक्टरांनी तपासलं, खाऊ घातलं आणि परत सोडून दिलं. तेव्हा आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आईंना लिफ्टमध्ये ही गोष्ट सांगा, तेहतिसावा मजला कधी आला ते कळणार नाही.

सरेतला_सातारकर

पहाटेचा मुद्दा पटला. माझे वडील आले होते तेव्हा पहिला आठवडा रोज चारला उठून स्वयंपाकघरात अंधारात बसायचे. होरायझनचा सल्ला मी मागे घेत नाही, पण अनघाताई, तुमच्या बाबांसाठी खोलीच.

अनघा_रीडिंग

ठरलं. भावाला आत्ताच फोन केला. ते शनिवारी पोचतात, सोमवारची खोली घेतोय, पूर्वेची बाजू मागून. विनंती त्यानंच लिहिली, आणि बाबांनी कोणकोणत्या स्टेशनांवर नोकरी केली ती सगळी यादी त्यात घातली. नवरा म्हणाला, चहाला मीपण येणार, म्हणजे त्याचाही आक्षेप संपला. चहा सोमवारी दुपारी तीनला, मग त्यांना खोलीत सोडून आम्ही परत. अंडं आणि जिलेटिनचं लिहून कळवलंय, शुक्रवारी फोन करेन.

एकच शंका. पॅडिंग्टनहून सामान घेऊन आईला ट्यूबनं आणावं की टॅक्सीनं?

लंडनब्रिजवाली

रीडिंगहून एलिझाबेथ लाइननं थेट फॅरिंग्डनला या, पॅडिंग्टनला उतरूच नका. फॅरिंग्डनला थेम्सलिंकची गाडी पकडा, थोड्याच वेळात लंडन ब्रिज. दोन्हीकडे लिफ्ट आहेत, जिना एकही नाही. आणि बाबांना ही गाडी नक्की आवडेल, कारण फॅरिंग्डनपर्यंत ती वरच्या तारेवर चालते आणि लंडन ब्रिजच्या आधी पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) खाली घेऊन तिसऱ्या रुळावर जाते. त्यांना पुढच्या डब्यात बसवा. लंडन ब्रिजला उतरल्यावर गॅलरीच्या पाट्यांमागे जाऊ नका, ते दार वेगळं आहे. हॉटेलचं दार सेंट थॉमस स्ट्रीटच्या बाजूला आहे, तिथून लिफ्टनं ३५ वर, रिसेप्शन वरच आहे. सामान खाली दारातच घेतात. सोमवारी मी दिवसपाळीला आहे. दुपारी काही अडलं तर इथेच मेसेज टाका, रस्ता ओलांडून येते.